जास्तीची माती

मित्रांनो, भिंतीवर खिळ्याला लटकणारे नकाशे तुम्ही पाहिले असतील. गुळगुळीत, रंगीत, गुंडाळले की काखेत मावणारे. मी त्यांच्यातला नाही. मी जुना आहे, मातीचा आहे, आणि चौघांनी चार कोपरे धरल्याशिवाय जागचा हलत नाही. आठ फूट लांब आणि पाच फूट रुंद अशी माझी लाकडी चौकट आहे. तिच्यात एक मोठा डोंगर, दोन टेकड्या, एक नदी, तीन वस्त्या, आणि मधोमध हरभऱ्याच्या दाण्याएवढी आपली शाळा. म्हणजे मी शाळेत आहे आणि शाळा माझ्यात आहे. या गोष्टीवर फार विचार करू नका. मी एकदा केला होता. मला डोकं नाही, तरी दोन दिवस दुखत होतं.

माझा जन्म रुसव्यातून झाला. तेव्हा शाळेत एकच छापील नकाशा होता, आणि त्यात आपला मुलूख इतका बारीक होता की भूगोलाच्या बाईंनी त्यावर पेनाची टोपी ठेवली की तो झाकून जायचा. "बाई, आपण कुठे आहोत?" असं मुलांनी विचारलं. बाईंनी टोपी उचलून दाखवलं. मुलं वाकवाकून बघत राहिली आणि मग एक जण म्हणाला, "एवढंसंच?" सगळा वर्ग हिरमुसला. बाईंना ते बघवलं नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांनी सुतारकाकांना बोलावून चौकटीचं माप दिलं.

चौकटीवर तारेची जाळी ठोकली, जाळीला डोंगरासारखं वर-खाली वाकवलं, त्यावर रद्दी कागदाचा लगदा थापला. आणि मग माती. मातीचा बाईंचा नियम एकच होता: ज्या जागेचा भाग, त्याच जागेची माती. दुसरी चालणार नाही. मग काय, मुलं डब्यातून, पिशवीतून, एक जण तर चक्क टोपीतून माती घेऊन शाळेत यायला लागली. वरच्या वस्तीची लाल माती, खाणीच्या वस्तीचा पांढरा चुरा, नदीकाठची काळी माती. त्यात डिंकाचं पाणी घालून ती मळायची आणि एकेक भाग लिंपायचा.

माणसाचा स्वभाव त्याच्या गावच्या मातीवर जातो असं मोठी माणसं म्हणतात. माणसांचं मला ठाऊक नाही, पण माझ्या अंगावर हे खरं आहे. लाल माती घट्ट मनाची. एकदा बसली ती बसली, आजवर तिने तक्रार केलेली नाही. पांढरा चुरा टोचरा, हात लावणाऱ्याला ओरखडा काढल्याशिवाय सोडत नाही. आणि काळी माती म्हणजे लाडावलेलं लेकरू! जरा ओल मिळाली की फुगून बसते, जरा ऊन लागलं की रुसून भेगा पाडते. तिघी एकाच चौकटीत पन्नास वर्षं नांदतायत, यातच सगळं आलं.

आता एक गुपित सांगतो. हे फक्त मला आणि तेव्हाच्या काही जणांना माहीत होतं.

बाईंनी सगळी मापं कागदावर काढून दिली होती. दहा मीटर उंची म्हणजे माझ्या अंगावर एक सेंटिमीटर. वरच्या वस्तीची टेकडी अठरा सेंटिमीटर, खाणीची पंधरा. मुलांनी अगदी पट्टी लावून तशा बनवल्या. मग डब्याची सुट्टी झाली आणि बाई शिक्षकांच्या खोलीत गेल्या.

पहिल्यांदा वरच्या वस्तीची एक मुलगी आली. नऊ वर्षांची असेल, परकराला माती पुसलेली. तिने आपली टेकडी डोळे बारीक करून पाहिली. खाणीच्या टेकडीपेक्षा जेमतेम तीन बोटं उंच! तिला ते पटेना. रोज शाळेतून घरी जाताना जी टेकडी चढून तिचे पाय भरून यायचे, ती एवढीशी कशी असेल? तिने इकडेतिकडे पाहिलं आणि मूठभर लाल माती वर चढवली. मग आणखी एक मूठ. ती हात धुवायला गेली तेवढ्यात खाणीची दोन पोरं आली. "बघ, बघ, त्यांनी वाढवली!" असं म्हणून त्यांनी घमेलंच उचललं. खाणीची टेकडी पंधराची चोवीस झाली. शेवटी नदीकाठची मुलं आली. त्यांच्याकडे टेकडी नव्हती. बिचारी जरा वेळ हताश उभी राहिली, आणि मग त्यांनी नदी दुप्पट रुंद करून टाकली.

बाई परत आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग एकेका मुलाच्या कोपरावरच्या ओल्या मातीकडे पाहिलं. कुणी वर बघेना. बाईंनी पट्टी लावली, सुरी उचलली, खाणीच्या टेकडीवर धरली. आणि मग त्यांनी सुरी पुसून खणात ठेवून दिली. "वाळू दे आता," एवढंच म्हणाल्या.

असा मी जन्मतःच थोडा खोटा होतो. पण इतक्या लाडाने खोटा झालो होतो की मला त्याची लाज कधी वाटली नाही.

पुढची वर्षं माझ्या मानाची. शाळेत पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला आधी मला दाखवायचे. नवीन मूल शाळेत आलं की हजेरीत नाव लिहिण्याआधी त्याला माझ्यासमोर उभं करायचे आणि विचारायचे, "घर कुठे? बोट ठेव." रडणारी मुलंसुद्धा बोट ठेवताना रडायची थांबायची. एक लहानगी तर रोज सकाळी येऊन आपल्या घरावर बोट ठेवायची आणि म्हणायची, "आहे." मगच वर्गात जायची.

आणि भांडणं! वरची वस्ती आणि खाणीची वस्ती यांचं कशावरूनही वाजायचं, आणि शेवट ठरलेला असायचा. खाणीची मुलं छाती काढून म्हणायची, "आमची टेकडी उंच आहे, नकाशात बघ!" वरच्या वस्तीची मुलं नकाशात बघायची आणि गप्प बसायची. बापाचं ऐकून मुलगा, मुलाचं ऐकून नात, असं करत पन्नास वर्षांत कुणालाच शंका उरली नाही. टेकडीवर जाऊन बघायचं कुणाच्या मनात आलं नाही. जन्मापासून जिथे राहतो तिथे कोण मोजपट्टी घेऊन फिरतं?

माझ्या चौकटीपलीकडे काय आहे, हेही कुणी विचारत नसे. नदी लाकडाला टेकली की संपली. एका मुलाने तर परीक्षेत "नदी कुठे मिळते?" या प्रश्नाला "चौकटीला" असं उत्तर लिहिलं होतं. सगळे हसले, पण खरं काय ते त्यांच्यातल्याही निम्म्यांना माहीत नव्हतं.

मग दिवस फिरले. बाई निवृत्त होऊन दूर निघून गेल्या. शाळेत चकचकीत नकाशे आले, नंतर संगणक आले. मला आधी वर्गातून ओसरीत काढलं, मग ओसरीच्या कोपऱ्यात. माझ्या मोठ्या डोंगरावर मुलं दप्तरं टाकू लागली. नदीत खडूचे तुकडे. एकदा खेळाच्या चटया माझ्यावर रचून ठेवल्या आणि त्या सात महिने कुणी उचलल्या नाहीत. सात महिने, मित्रांनो! मला वाटलं, सगळा मुलूख झोपला की काय. फक्त शिपाईकाका अधूनमधून फडकं मारायचे आणि म्हणायचे, "तू आणि मी, दोघंही धूळ खातोय बघ."

अशात ती आली.

तिचे बाबा रस्त्याची मोजणी करायचे. तिपाईवर दुर्बीण लावायची, समोर तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांची लांब काठी धरायची आणि जमीन कुठे वर, कुठे खाली ते लिहून घ्यायचं, हे त्यांचं काम. रस्ता जिथे जाईल तिथे हे कुटुंब जाणार. नदीपलीकडच्या मोकळ्या माळावर पत्र्याच्या खोल्या उभ्या राहिल्या आणि ती आपल्या शाळेत दाखल झाली. वय तेरा, गुडघे खरचटलेले आणि तोंड क्षणभर बंद नाही.

मोठ्या सरांना जुना रिवाज आठवला. त्यांनी माझ्यावरच्या चटया उचलायला लावल्या. "बोट ठेव बाळ, घर कुठे?"

"कुठलं घर सर? आत्ताचं, आधीचं की जन्मलेलं?"

"तू मूळची कुठली?"

"तेच तर कुणाला नक्की सांगता येत नाही. आई म्हणते एका गावची, बाबा म्हणतात दुसऱ्या. माझा जन्म दोन्हींच्या मध्ये झाला, जीपमध्ये." आणि तिने माझ्या चौकटीवरून हात पुढे नेला, आणखी पुढे, आणि पाण्याच्या नळाच्या वर भिंतीला बोट लावलं. "अंदाजे इथे!"

सगळी मुलं फिसफिसली. वरच्या वस्तीतली एक मुलगी, जिला डोक्यावर उभ्या राहणाऱ्या केसांमुळे सगळे तुरा म्हणायचे, ती म्हणाली, "नळाची पाहुणी!" झालं. त्या दिवसापासून तिचं नाव पाहुणी पडलं.

दुसरी कुणी असती तर कोपऱ्यात जाऊन बसली असती. ही मधल्या सुट्टीत खडू घेऊन आली आणि माझ्या चौकटीला लागून फरशीवर रेघा मारू लागली. माझी नदी चौकटीवरून खाली उतरली, फरशीवरून वळत वळत निघाली.

"ही कुठे चालली?" तुराने न राहवून विचारलं.

"समुद्राला. तुमची नदी समुद्राला मिळते. मी पाहिलंय ना, आम्ही तिथे चार महिने होतो. इथे मिठागरं आहेत. इथे एक पूल आहे, चाळीस खांबांचा. मी मोजलेत."

"आमची नदी? एवढी लांब जाते?" नदीकाठच्या एका मुलाचे डोळे असे झाले की जणू त्याच्या घरातलं कुणी न सांगता परदेशी जाऊन आलं होतं.

आठवड्याभरात फरशी भरली. समुद्र शिक्षकांच्या खोलीच्या दारापर्यंत पोचला. शिपाईकाका बादली घेऊन उभे राहिले. "पोरी, मी आत्ताच पुसलंय इथे."

"काका, वाळवंट पुसा, पण समुद्र राहू द्या ना, प्लीज."

"वाळवंट कुठलं?"

"तुम्ही उभे आहात ते."

काका पाय उचलत उचलत बाजूला झाले.

ती मुलांना बाहेरचं सांगायची आणि मुलांना आतलं विचारायची. ही पायवाट कुठे जाते? हा डोंगर मागून कसा दिसतो? खाणीत आधी काय होतं? मुलांना उत्तरं येत नसत, तेव्हा ती घरी जाऊन विचारून येत. पन्नास वर्षांत मला इतके प्रश्न पडले नव्हते. माझ्या अंगावरची धूळ गेली, दप्तरं गेली. मी पुन्हा शाळेच्या मध्ये आलो.

आणि नेमका त्याच कुतूहलातून माझ्यावर घाला आला.

एका रविवारी तिचे बाबा वरच्या वस्तीत मोजणीला गेले आणि ही काठी धरायला बरोबर गेली. सोमवारी शाळा भरण्याआधीच ती धावत आली, दम लागलेला, हातात वही.

"ए, ऐका ना! मी काल वरच्या टेकडीच्या डोक्यावरून दुर्बिणीतून पाहिलं. खाणीची टेकडी खाली दिसते. खाली! तीस मीटरने. मग नकाशात ती उंच कशी?"

त्यावर वरच्या वस्तीच्या मुलांनी जो गिल्ला केला! पन्नास वर्षांचं तुंबलेलं होतं ते. तुरा तर उड्या मारत होती. "नकाशात बघ म्हणे! आता दुर्बिणीतून बघा!"

"थांब की," पाहुणी वही उलटत म्हणाली, "तुमची पण पन्नास मीटर जास्त दाखवलीय. आणि नदी दुप्पट रुंद आहे."

तुराने उडी मारली होती, ती खाली आली आणि तशीच उभी राहिली.

त्या दिवशी मित्रांनो, तीन वस्त्या पहिल्यांदा एक झाल्या, पण पाहुणीच्या विरुद्ध. "तुझं काय जातंय? तुझी टेकडी आहे का एक तरी?" "दोन महिने झाले नाहीत येऊन, आमच्या टेकड्या कापायला निघाली!" तिने वही मिटली. तिचं तोंड बंद झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

गलका ऐकून मोठे सर आले. त्यांनी वही पाहिली, मला पट्टी लावली आणि कपाळाला हात लावला. सर मनाने वाईट नव्हते, पण चूक दिसली की त्यांना खाज सुटायची. "पन्नास वर्षं आपण मुलांना चुकीचं शिकवतोय. शनिवारी हा मोडायचा. माती बागेत टाका, लाकूड सुतारकामाला जाईल. मी बिनचूक प्लास्टिकचा मागवतो."

शनिवार! हातात पाच दिवस. मी काय करणार? मला तर माझी बाजूसुद्धा मांडता येत नव्हती. ती डब्याची सुट्टी, त्या मुठी, ते घमेलं, बाईंनी खाली ठेवलेली सुरी, सगळं माझ्या पोटात होतं आणि पोटातच राहणार होतं.

संध्याकाळी सगळे गेल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. "मी फक्त मोजलं रे," ती म्हणाली. मोठ्याने नाही, पुटपुटत. "मला वाटलं सगळ्यांना मजा वाटेल." तिने खाणीच्या टेकडीवर हात ठेवला, आणि माझ्या पांढऱ्या चुऱ्याने स्वभावाप्रमाणे तिला ओरखडा काढला. ती हात झटकणार, तेवढ्यात थबकली. मग नाक लावून बघू लागली. मग पट्टीची कड घेऊन हळूच टेकडीच्या कुशीतली भेग उघडी केली.

खाली कागदाच्या लगद्यावर सपाट लिंपलेली माती. आणि तिच्यावर वेगळा थर, घाईघाईने थापलेला, बोटांचे ठसे तसेच उमटलेले. तिने आपली बोटं त्या ठशांवर ठेवली. तिची थोडी मोठी होती.

"ही चूक नाहीये," ती एकदम उभी राहिली. "ही कुणीतरी केलीय!"

दुसऱ्या दिवशी ती सरळ तुराकडे गेली. तुरा बोलत नव्हती, तरी गेली. "हा नकाशा केला तेव्हा शाळेत कोण होतं?"

"मला काय माहीत?"

"तुझी आजी याच शाळेत होती ना?"

"होती. मग?"

"तिला विचार ना, टेकडी कुणी वाढवली."

"माझ्या आजीवर आळ घेतेस?"

"आळ नाही गं. मला फक्त जाणून घ्यायचंय!"

तुराने नाक मुरडलं. पण तिलाही आता झोंबलं होतं. तिने घरी जाऊन विचारलं असणार, कारण शुक्रवारी दुपारी स्वतः आजीच शाळेत हजर झाली, हातात काठी, डोक्याला रुमाल. तिच्या मागून खाणीचे निवृत्त मुकादम आले आणि त्यांच्याही मागून नदीकाठचे म्हातारे नावाडी. तिघंही बाईंच्या वर्गातले. नकाशा मोडणार ही बातमी तीन वस्त्यांत पसरली होती.

तिघं माझ्याभोवती उभी राहिली. सगळी शाळा ओसरीत गोळा झाली, मोठे सरही आले.

"आजी," पाहुणीने हळूच विचारलं, "टेकडी तुम्ही वाढवलीत?"

"कोण, मी?" आजीने काठी आपटली. मग माझ्याकडे पाहिलं, आणि चेहरा नऊ वर्षांचा झाला. "दोन मुठी. फक्त दोन मुठी लावल्या मी. या मुकादमाने घमेलं ओतलं घमेलं!"

"सुरुवात कुणी केली?" मुकादम कडाडले. "आम्ही गुपचूप डबा खात होतो. हिची टेकडी वाढलेली बघितली, मग आमचा घास घशाखाली उतरेना!"

"अरे पण खाणीची टेकडी आमच्याहून उंच? काही जनाची नाही तरी मनाची?"

"आणि हा नावाडी! हा कसा साळसूद उभा आहे! यानं नदी रुंद केली ते कुणी सांगायचं?"

नावाडी आजोबा खाली बघत म्हणाले, "आमच्याकडे टेकडी नव्हती हो. तुम्ही सगळे काहीतरी वाढवत होतात. आम्ही काय वाढवणार?"

आधी शिपाईकाका हसले. मग मुलं. मग आजी इतकी हसली की तिला धरून बाकावर बसवावं लागलं. मुकादम डोळे पुसत म्हणाले, "पन्नास वर्षं पोरानातवंडांना सांगत आलो, नकाशात बघा म्हणून. मला माहीत होतं की खोटं आहे. पण इतक्या वेळा सांगितलं, की नंतर मलाच खरं वाटायला लागलं."

मोठे सर मात्र हसत नव्हते. "हे सगळं ठीक आहे. पण उद्या एखादं मूल विचारेल, सर, टेकडीची उंची किती? मी काय सांगू? काहींनी डबा खाताना वाढवली म्हणून?"

"हो सर!" पाहुणी पुढे आली. "हेच सांगा. खरी उंची मी देते, माझ्या वहीत आहे. प्रत्येक टेकडीच्या बाजूला काडी उभी करू, खऱ्या उंचीची. काडीच्या वर जेवढी माती दिसेल ती जास्तीची. ती कुणाची, ते खाली लिहू. प्लास्टिकच्या नकाशात खरी उंची कळेल, पण ही माणसं त्यात कुठे सापडतील?"

"वजाबाकीही होईल सर," तुरा मागून म्हणाली. ती पाहुणीच्या बाजूने बोलतेय हे तिच्या स्वतःच्याही जरा उशिरा लक्षात आलं.

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मला पट्टी लावली, आजीकडे पाहिलं. "काड्या बिनचूक पाहिजेत," ते म्हणाले. "एक मिलिमीटरही इकडेतिकडे चालणार नाही."

असा मी वाचलो.

काड्या तिच्या बाबांनी केल्या. त्यांच्या लांब काठीसारख्याच तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या, जणू त्या काठीला पिल्लं झाली. आणि पाटीवर पाहुणीच्या अक्षरात लिहिलं गेलं: "खरी उंची एकशे ऐंशी मीटर. वरची माती: वरच्या वस्तीची मुलं, डब्याची सुट्टी." खाणीच्या पाटीवर मुकादमांच्या हट्टाने "एक घमेलं" असेही शब्द आले. नदीच्या दोन्ही काठांना काड्या लागल्या. पाहुणे पुन्हा येऊ लागले. मुलं आपापल्या टेकड्या खरंच चढून, दुर्बिणीतून बघून येऊ लागली. आणि एकदा मोठ्या सरांनी तुराला विचारलं, "नदी कुठे मिळते?" तर ती धावत शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी गेली आणि तिथे पाय आपटून म्हणाली, "इथे!"

पण रस्ता कुणासाठी थांबतो? सात महिन्यांत तो आपला मुलूख ओलांडून पुढे गेला. माळावरचे पत्रे उतरू लागले. शाळेत मुलं तिला काही ना काही देत होती, पेन, रुमाल, शिंपला, आणि ती "बापरे, दप्तर फाटेल!" असं म्हणून हसत होती. सगळ्यांत जास्त तीच हसत होती.

निघायच्या दिवशी ती सकाळी लवकर आली. शिपाईकाका नुकतंच दार उघडत होते.

"काय गं, आज एवढ्या लवकर?"

"एक काम राहिलंय काका. दोन मिनिटं."

काका झाडू घेऊन मागच्या अंगणात गेले. ती माझ्याजवळ आली. हातात डब्याचं झाकण होतं आणि त्यात भिजवलेली माती. लाल नव्हती, पांढरी नव्हती, काळीही नव्हती. ती माळावरची होती, पत्र्याच्या खोलीच्या दारातून खणलेली. मला ती चव नवी होती.

नदीपलीकडच्या माझ्या सपाट माळावर, जिथे कधी कुणी बोट ठेवलं नव्हतं, तिथे तिने ती माती ठेवली. अंगठ्याने दाबून एक बारीकसा उंचवटा केला, करंगळीच्या नखाएवढा. मान तिरकी करून पाहिला. मग दाराकडे एकदा नजर टाकली, आणि आणखी एक चिमूट लावली. मग पुन्हा एक.

अख्ख्या मुलखाला मिलिमीटरचा हिशेब शिकवणारी मुलगी ती! माळावर टेकडी नाही, हे तिच्याइतकं पक्कं कुणाला ठाऊक होतं? तिनेच तर तो मोजला होता. रस्त्यावरून गाडीचा भोंगा वाजला. तिने झाकणात उरलेली सगळी माती घाईघाईने वर थापली आणि पळाली.

तासाभराने शिपाईकाका फडकं घेऊन आले. माळावरचं ते ढेकूळ बघून म्हणाले, "हे कुणी घाण केली?" आणि फडकं टेकवणार, इतक्यात तुराने त्यांचा हात धरला.

"काका, नको. ती तिची आहे."

मोठ्या सरांनीही पाहिली. पट्टी खिशात होती, तरी काढली नाही.

तर मित्रांनो, मी आता बराच थकलो आहे. काळी माती दर उन्हाळ्यात नव्या भेगा पाडते, चौकटीचा एक कोपरा ढिला झाला आहे. माझ्यावर दप्तरं टाकू नका. मला ओल्या फडक्याने पुसू नका, कोरडा मऊ कुंचला वापरा. भेग पडली तर भरा, पण ज्या जागेची भेग, त्याच जागेची माती आणून भरा. तेवढ्या निमित्ताने तिथे जाऊनही याल. आणि नदीपलीकडे आलात की हात जरा हलका ठेवा. तो माळ सपाट आहे, मला माहीत आहे. तरी कुंचला तिथून वळसा घालून न्या.